हिवाळी शर्यतीत उतरू का?

पत्र: मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात जवळच्या सेलिंग क्लबात डिंगी, म्हणजे शिडाची छोटी होडी, चालवायला शिकले आणि अक्षरशः वेड लागलं. आता क्लबाची आयएलसीए, एकट्याने चालवायची डिंगी, घेऊन मी तळ्यात फेऱ्या मारते. बेताच्या वाऱ्यात टॅक आणि जाइब, म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून आणि वाऱ्याला पाठ देऊन वळणं, नीट जमतात. दोन-तीनदा होडी उलटली तेव्हा माझी मीच सरळ केली. आता क्लबाची हिवाळी मालिका सुरू होते आहे, दर रविवारी दोन शर्यती. नाव द्यावं असं फार वाटतंय. पण त्या गार पाण्यात पडले तर काय, या विचाराने पोटात गोळा येतो. शिवाय मी शेवटी येणार हे नक्की. माझ्या एकटीपायी सगळ्यांना गारठ्यात ताटकळत ठेवायचं, याचीच जास्त लाज वाटते. नवरा म्हणतो, हा शुद्ध वेडेपणा आहे. क्लबातले एक जुने जाणते म्हणतात, काही होत नाही, वेटसूट चढव आणि ये. कुणाचं ऐकू?

उत्तर:

दोघांचंही थोडं थोडं ऐका, पण निर्णय दोघांवरही सोपवू नका. नवऱ्याची काळजी रास्त आहे. जाणत्यांचा भरवसाही उगीच आलेला नाही, त्यांनी असे कित्येक हिवाळे पाण्यावर काढले असतील. मात्र ज्या प्रश्नावर सगळं अडलंय तो दोघांनीही विचारलेला नाही. अंगावर जे कपडे असतील त्यांनिशी तुम्ही त्या दिवशीच्या पाण्यात पडलात, तर पुढची दहा मिनिटं कशी जातील? याचं उत्तर तुम्हाला छातीठोकपणे देता येत असेल तर खुशाल उतरा. येत नसेल तर आधी ते मिळवा. दोन-तीन रविवार गेले तरी मालिका हातची जात नाही. का जात नाही ते पुढे सांगते.

आधी पाण्याचं. थंड पाणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गारठून बेशुद्ध पडलेला माणूस येतो. तो धोका खरा आहे, पण तो उशिरा येतो. पहिला धोका पहिल्या मिनिटातला असतो. पाणी १५ अंश सेल्सियसच्या खाली असेल आणि अंग त्यात एकदम बुडालं, तर कातडीला बसलेल्या धक्क्याने छाती आपोआप एक मोठा श्वास ओढून घेते. तो आवरणं आपल्या हातात नसतं. मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब झटक्यात चढतात. तोंड नेमकं त्या क्षणी पाण्याखाली असेल तर त्या श्वासाबरोबर पाणीच आत जातं. चांगले पोहणारेसुद्धा काठापासून हाकेच्या अंतरावर बुडतात ते यामुळे. यासाठी पाण्यावर बर्फ धरलेला असावा लागत नाही. १० ते १५ अंशांच्या पाण्यातही हा धक्का जोरदार बसतो, आणि हिवाळ्यातलं पाणी बहुधा त्याहूनही गार असतं.

दिलासा असा की हा भर फार वेळ टिकत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्याचा एक सोपा हिशेब लोकांपुढे ठेवला: १, १० आणि १. श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातापायांनी कामाचं काही करता येईल अशी १० मिनिटं, आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण १ तास. आकडे ढोबळ आहेत, पाणी किती गार आणि अंगावर काय यावर ते पुढेमागे होतात. शिवाय तो तास मिळतो तो अंगावर लाइफ जॅकेट असलेल्या माणसाला. पण डिंगीवाल्यांसाठी या तीन आकड्यांत सगळं आलं.

पहिल्या मिनिटात काहीही करायला जाऊ नका. होडी उलटल्याबरोबर डॅगरबोर्डाकडे, म्हणजे होडीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीकडे, झेपावायची सवय उन्हाळ्यात लागते, ती इथे मोडायला हवी. एका हाताने होडी किंवा मेनशीट, म्हणजे शीड ओढायचा-सोडायचा दोर, घट्ट धरा, तोंड वर ठेवा, पाठीवर रेला आणि श्वास सावकाश बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या. आत घेणं शरीर आपोआप करतंय, तुम्ही सोडण्याचं बघा. श्वास जरा संथ झाला की मगच होडीला हात घाला. फक्त होडी पूर्ण पालथी व्हायला लागली असेल तर थांबू नका, बोर्डाला लोंबकळून तिला आडवी धरा आणि श्वास तिथेच सावरा. डोलकाठी चिखलात रुतली तर तुमचं काम चौपट होईल.

नंतरची दहा मिनिटं ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यातली शेवटची निम्मी फसवी असतात. गार पाणी आधी हात निकामी करतं. बोटं जवळ येत नाहीत, मूठ वळते पण आवळली जात नाही, बोर्डावर चढायला लागणारं दंडातलं बळ कुठे गेलं ते कळत नाही. मन मात्र अजून शाबूत असतं आणि म्हणत असतं, आणखी एकदा प्रयत्न करू. हिवाळ्यात मी दोन प्रयत्नांचा नियम पाळायला सांगते. दोनदा होडी सरळ करायचा प्रयत्न झाला, नाही जमलं, की हात उंच करून सेफ्टी बोट बोलवायची. तिसरा प्रयत्न नाही. आणि बोट येईपर्यंत होडी सोडून काठाकडे पोहत निघायचं नाही. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. पालथी होडी लांबूनही दिसते, पाण्यातलं एकटं डोकं लाटांत हरवून जातं.

आता कपडे. जाणत्यांनी वेटसूट चढव म्हटलं तेव्हा कुठला वेटसूट, हे विचारायला हवं होतं. उन्हाळ्यात वापरलेला, हात उघडे असलेला पातळ सूट इथे चालणार नाही. वेटसूट मुळात पाणी अडवतच नाही. ऊब टिकवतं ते मुख्यतः निओप्रीन, म्हणजे बारीक बुडबुड्यांनी भरलेलं रबर. ते आणि कातडी यांच्या मध्ये पाण्याचा एक पातळ थर अडकतो आणि अंगाच्या उबेने कोमट होतो. सूट जरा ढिला असला तर दर हालचालीला तो कोमट थर निघून जातो आणि ताजं गार पाणी आत शिरतं. अंगाला चापून बसणारा, पूर्ण बाह्यांचा, जाड हिवाळी सूट असेल तर तो भागवतो, आणि तो घालून वर्षानुवर्षं शर्यती करणारे लोक आहेत. पण त्यांच्या होड्या क्वचित उलटतात. तुमची उलटणार, हे गृहीत धरूनच तयारी केली पाहिजे. म्हणून तुमच्यासाठी माझं मत सरळ ड्रायसूटच्या बाजूने आहे.

ड्रायसूट गळ्याशी आणि मनगटांशी रबरी सीलने बंद होतो, पाणी आत येत नाही. पण तो स्वतः ऊब देत नाही. ऊब द्यायची ती आतल्या थरांनी. आत लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे घाला. सुती काहीही नको, अगदी आतला बनियनही सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि दोन शर्यतींच्या मधल्या वेळात अंगाला गार फडकं चिकटल्यासारखं होतं. घालण्याआधी अंगठी, घड्याळ, कानातलं काढून ठेवा. ती सील नाजूक असतात आणि नखाच्या ओरखड्यानेही फाटतात.

मग झिप. ही गोष्ट मी दर हिवाळ्यात नव्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगते. झिप शेवटच्या दातापर्यंत बंद झाली आहे का, हे दुसऱ्या माणसाला बघायला सांगा, आणि त्याने नुसतं बघून नव्हे, बोट फिरवून सांगावं. पाठीवरची झिप असेल तर तुम्हाला ती दिसणारच नाही. बोटभर उघडी राहिलेली झिप काठावर कळत नाही, वाऱ्यातही कळत नाही. ती कळते पाण्यात पडल्यावर, सूट पोटरीपर्यंत भरायला लागतो तेव्हा. झिप झाली की उकिडव्या बसा, गुडघे छातीशी घ्या आणि गळ्याचं सील दोन बोटांनी किंचित ओढून धरा. आत अडकलेली हवा फुस्सकन बाहेर जाते. हवा तशीच ठेवली तर पाण्यात ती पायांकडे सरकते, पाय वर तरंगायला लागतात आणि बोर्डावर चढताना जीव मेटाकुटीला येतो. ड्रायसूट आहे म्हणून तरंगू, असंही समजू नका. सगळ्यात वरून डिंगीसाठी वापरतात ते ५० न्यूटन तरंगबळाचं, अंगाबरोबर बसणारं जॅकेट हवंच. सुटसुटीत असल्यामुळे ते घालून होडीवर चढता येतं. मात्र शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड ते वर फिरवेलच असं नाही, हेही माहीत असू द्या.

हातमोज्यांचं पूर्ण समाधान आजवर कुणालाच मिळालेलं नाही. जाड घातले तर दोर कळत नाही, पातळ घातले तर बोटं बधिर. माझा सल्ला मध्यम जाडीचे, पूर्ण बोटांचे घ्या आणि एक कोरडी जोडी काठावर पिशवीत तयार ठेवा, दोन शर्यतींच्या मध्ये काठाला लागलात तर बदलायला. निघण्याआधी मोज्यांत कोमट पाणी ओतून मग हात घातले तर सुरुवात तरी बरी होते. हात एकदा गार पडले की होडीवर ते पुन्हा गरम होत नाहीत. बूट एक माप मोठे घ्या, आत लोकरी मोजा मावला पाहिजे. आवळ बुटात पाय उलट जास्त गारठतात. डोक्याला कानांवरून येणारी पातळ निओप्रीनची टोपी.

एवढं सगळं घालून झाल्यावर एक दिवस शर्यत नसताना क्लबात जा. सेफ्टी बोट पाण्यात असेल, कुणीतरी तुमच्यावर नजर ठेवून असेल असा दिवस ठरवा. आधी कमरेएवढ्या पाण्यात चालत जा, खांदे बुडेपर्यंत सावकाश खाली बसा, श्वास संथ होईपर्यंत थांबा. मग होडी काठाजवळच मुद्दाम उलटवा आणि सरळ करा. किती वेळ लागला ते काठावरच्या माणसाला घड्याळावर बघायला सांगा. हाच तो दहा मिनिटांच्या प्रश्नाचा पुरावा, आणि हाच नवऱ्याला दाखवायचा. तुम्ही उन्हाळ्यात होडी सरळ केलीत ती वेगळ्या पाण्यात आणि वेगळ्या कपड्यांत. थंड पाण्याच्या धक्क्यावर अनेक वर्षं काम केलेले पोर्ट्समथ विद्यापीठाचे मायकेल टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय की दोन-तीन मिनिटांच्या अशा पाच-सहा बुडक्यांनी तो पहिला धक्का बराच बोथट होतो. शरीर शिकतं. पण तुमचा रक्तदाब किंवा हृदयाचं काही दुखणं असेल तर ही पायरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नका. धक्क्याचा भार हृदयावरच येतो.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट जुने लोक अनुभवाने जाणतात, पण नव्यांना सांगायची राहून जाते. गार हवा जड असते. ० अंशाला एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२९ किलो भरतं, ३० अंशाला सुमारे १.१६. म्हणजे फोनवर दोन्ही दिवशी वाऱ्याचा वेग १२ नॉटच (ताशी सुमारे २२ किलोमीटर) दिसेल, पण शिडावरचा दाब हिवाळ्यातल्या दिवशी दहा टक्क्यांच्या आसपास जास्त असेल. त्यात गारठलेले हात आणि जाड कपड्यांनी मंदावलेल्या हालचाली. म्हणून उन्हाळ्यात जेवढा वारा तुम्हाला आरामात झेपत होता, त्याच्या दोन-तृतीयांशावर या मोसमाची रेघ मारा. आकडा घरीच ठरवा. काठावर शिडं फडफडत असतात, सगळे हसतखेळत होड्या पाण्यात लोटत असतात, तिथे आकडा ठरवायला गेलात तर तो हमखास वाढतो.

तुमच्या होडीत आणखी एक सोय आहे आणि ती न वापरणं वेडेपणाचं ठरेल. आयएलसीएचा सांगाडा तोच ठेवून तीन आकारांची शिडं लावता येतात: आयएलसीए ७ चं ७.०६ चौरस मीटर, ६ चं ५.७६ आणि ४ चं ४.७. त्यासाठी डोलकाठीचा फक्त खालचा भाग बदलावा लागतो. क्लबाकडे लहान शीड असेल तर ते मागा. लहान शीड मुलांसाठी असतं, ही समजूत सोडून द्या. जोराच्या वाऱ्यात होडी ताब्यात असलेली बाई मोठ्या शिडाखाली झोकांड्या खाणाऱ्यापेक्षा लवकर मार्क, म्हणजे वळणाची खूण, गाठते.

आता लाजेचं. पत्रात तुम्ही भीतीपेक्षा लाजेवर जास्त जोर दिला आहे, आणि मला वाटतं अडचण खरी तिथेच आहे. पाण्याचं भय तुम्हाला योग्य वेळी मागे खेचेल. सगळ्यांचा खोळंबा नको ही भिडस्त भावना मात्र नको त्या वेळी पुढे ढकलते. दोनदा होडी उलटल्यावरही हात वर न करणारी माणसं मी सेफ्टी बोटीवरून पाहिली आहेत. विचारलं तर म्हणतात, उगीच तुम्हाला कशाला त्रास. तर ही लाज कुठे कुठे बिनबुडाची आहे ते बघा.

बहुतेक क्लबांत हिवाळ्यात वेगवेगळ्या जातीच्या होड्या एकत्र शर्यत करतात आणि निकाल वेळेच्या हिशेबाने लावतात. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची पोर्ट्समथ यार्डस्टिक ही त्यातली सर्वांत रुळलेली पद्धत. प्रत्येक जातीच्या होडीला एक नंबर असतो, होडी जितकी संथ तितका नंबर मोठा. लागलेल्या वेळेला १००० ने गुणायचं आणि नंबराने भागायचं. समजा ११०० नंबराची होडी ५५ मिनिटांत आली, तर तिची हिशेबातली वेळ ५० मिनिटं. १४०० नंबराची जुनी संथ होडी तिच्यामागे आठ मिनिटांनी, ६३ मिनिटांत आली, तर तिची वेळ ४५ मिनिटं. म्हणजे मागून आलेली जिंकली. आणि आयएलसीएच्या प्रत्येक शिडाला वेगळा नंबर आहे, तेव्हा लहान शीड लावल्याने निकालात तुमचं नुकसान होत नाही. तुमच्या क्लबात फक्त एकाच जातीच्या होड्या पळत असतील तर हा हिशेब लागू नाही, ते विचारून घ्या.

खोळंब्याचंही तसंच. पुष्कळ क्लब फेऱ्यांच्या सरासरीवर निकाल काढतात. वेगवान होडी चार फेऱ्या मारते तेवढ्यात तुमच्या तीन होतात. शर्यत अधिकारी ठरलेल्या वेळी सगळ्यांनाच रेषेवर थांबवतो आणि प्रत्येकाच्या एका फेरीची सरासरी वेळ काढतो. सगळे जवळपास एकाच वेळी संपवतात, ताटकळायला कुणी उरत नाही. उजेड कमी होऊ लागला किंवा वारा पडला तर एस अक्षराचं निशाण लावून शर्यत लहान करण्याची मुभाही नियमांनी त्याला दिलेली आहे. ते त्याचं काम आहे. तुमच्यामुळे उशीर होईल का याची चिंता त्याच्यावर सोडा.

आणि मदतीचं म्हणाल, तर शर्यतीच्या नियमांतला अगदी पहिला नियमच तो आहे. संकटात असलेल्याला शक्य ती सगळी मदत प्रत्येक होडीने केलीच पाहिजे. दुसऱ्या एखाद्याने तुमच्यासाठी शर्यत सोडून होडी वळवली, तर त्यात त्याचा क्रमांक घसरल्याबद्दल त्याला समितीकडे दाद मागता येते आणि गुणांत भरपाई मिळू शकते. हात वर केल्याने कुणाचा रविवार वाया जात नाही.

त्याच नियमपुस्तकातला तिसरा नियम तुमच्या पत्राचं नेमकं उत्तर आहे. शर्यतीत उतरायचं की नाही आणि चालू ठेवायची की नाही, याची जबाबदारी सर्वस्वी त्या होडीची. समितीने शर्यत सुरू केली याचा अर्थ आजचा वारा तुम्हाला झेपेल असा होत नाही. तुमच्या होडीत तुम्ही एकट्याच आहात, तेव्हा नवरा, जाणते, अधिकारी यांपैकी कुणालाही ही जबाबदारी तुमच्याकडून घेता येणार नाही.

मालिका हातची का जात नाही तेही याला जोडूनच आहे. मालिकेच्या गुणांत सर्वांत वाईट निकाल वगळण्याची सोय असते. मूळ नियमात एक निकाल वगळतात, पण हिवाळाभर चालणाऱ्या मालिकांत क्लब बहुधा बरेच जास्त वगळू देतात, कारण प्रत्येकाला प्रत्येक रविवार जमत नाही हे त्यांना ठाऊक असतं. तुमच्या क्लबाच्या सूचनापत्रकात किती शर्यती धरणार तो आकडा शोधा. जेवढ्या वगळता येतात तेवढ्या शर्यती न उतरण्यासाठी तुमच्या खात्यात जमा आहेत असं समजा आणि वारा जास्त असेल त्या दिवशी निःसंकोच खर्च करा. शिवाय कित्येक क्लबांत रेषेपर्यंत येऊन सुरुवात न करणाऱ्याला घरी बसलेल्यापेक्षा कमी दंड लागतो. तेव्हा जमेलसं वाटत होतं, पाण्यावर गेल्यावर नाही वाटलं, तर परत फिरण्यात गुणांचाही फार तोटा नाही.

शर्यतीच्या दिवशी काठावरून निघायची घाई करू नका. सुरुवातीला ५ मिनिटं उरली की पहिला इशारा होतो, ४ मिनिटांना दुसरा, १ मिनिटाला तिसरा. लवकर जाऊन रेषेमागे घिरट्या घालत बसणारे शर्यत सुरू होण्याआधीच गारठतात. हवा ५ अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला तो ० अंशाचा गारवा लागतो. पहिल्या इशाऱ्याआधी दहाएक मिनिटं पाण्यात उतरलात तरी पुरे. निघण्याआधी मेनशीटच्या कप्पीतून दोर पुढेमागे ओढून बघा. ओला दोर रात्री गोठलेला असला तर तो कप्पीत अडकतो आणि वाऱ्याचा जोराचा झोत आला की शीड सोडता येत नाही, म्हणजे होडी उलटलीच. उतरण्याच्या घसरणीवर बर्फ आहे का ते बघून पाय टाका. हिवाळ्यातल्या दुखापती पुष्कळदा तिथेच होतात.

थरथर ही चांगली खूण आहे, शरीर ऊब तयार करतंय. काकडणारा माणूस एकाएकी शांत झाला, बोलताना जीभ जड झाली, साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर आलं तर शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं असण्याची शक्यता आहे. त्याला आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा आणि वैद्यकीय मदत बोलवा. हातपाय चोळू नका, लगेच गरम शॉवरखाली उभं करू नका. दारू तर अजिबात नको, तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि उरलीसुरली ऊबही निघून जाते. हे तुमच्यासाठी जितकं तितकंच नवऱ्यासाठीही आहे. तुम्ही पाण्यातून बाहेर आल्यावर तुमच्याकडे पहिल्यांदा तोच बघणार आहे.

मोसम संपत आला की सावधगिरी वाढवायची, कमी करायची नाही. पाणी हवेच्या मागून गार होतं आणि मागूनच तापतं. कोवळं ऊन पडलेला, जॅकेट काढावंसं वाटणारा पहिला छान दिवस येतो तेव्हा पाणी जवळजवळ वर्षातलं सर्वांत गार असतं. त्या दिवशी लोक पातळ सूट घालून निघतात. तुम्ही कपडे पाणी किती गार आहे ते बघून घाला, ऊन बघून नव्हे.

आता नेमकं करायचं काय. पहिल्या रविवारी नाव द्या ते शर्यतीला नव्हे, सेफ्टी बोटीवरच्या पाळीला. क्लबांना हिवाळ्यात माणसं कमी पडतात, तुम्हाला आनंदाने घेतील. तिथून तुम्हाला दिसेल की चांगल्या चांगल्यांच्या होड्याही उलटतात, कोण किती वेळात सरळ करतो, हात वर केल्यावर बोट पोचायला किती वेळ लागतो. तो शेवटचा आकडा तुमच्या दहा मिनिटांत बसला पाहिजे. बसत नसेल, तीस होड्यांमागे एकच बोट असेल, तर या क्लबात या हिवाळ्यात एकटीने उतरू नका, मग कुणी काहीही म्हणो. त्यानंतरच्या एक-दोन रविवारी दोघांच्या होडीत कुणा अनुभवी माणसाबरोबर क्रू, म्हणजे मदतनीस जोडीदार, म्हणून जा. सुरुवातीच्या रेषेवर होड्या किती जवळ येतात, कुणी ओरडून वाटेचा हक्क सांगितला की काय करायचं, हे जिबचा, म्हणजे पुढच्या लहान शिडाचा, दोर हातात धरून शिकणं सोपं आहे, त्या वेळी सुकाणूची जबाबदारी दुसऱ्याची असते. त्या जाणत्यांनाच विचारा. वेटसूट चढव आणि ये म्हणणारा माणूस क्रूला नाही म्हणत नाही.

ड्रायसूट लगेच विकत घेऊ नका. तुमच्या मापाचा कुणाचा तरी उसना घेऊन ती मुद्दाम होडी उलटवायची तालीम त्यात करा. गळ्याचं सील आवळून जीव गुदमरतो का, तो घालून बोर्डावर पाय टाकता येतो का, हे कळल्यावरच पैसे घाला. आणि तालमीच्या दिवशी काठावर घड्याळ धरून नवऱ्याला उभं करा. त्याला आकडा स्वतःच मोजू दे.